पाठमोरा शेजारी

कमळटोला नावाच्या गावात लहानू नावाचा एक माणूस होता. झिंगे पकडण्यात त्याचा हात धरणारा सात गावांत कुणी नव्हता, आणि तरीही आपलं जाळं त्याने स्वतः कधीच पाण्यातून उचललं नव्हतं.

नवल वाटलं ना? पण कमळटोल्याची रीतच तशी होती.

गावाच्या खालच्या अंगाला मोठं पाणथळ पसरलं होतं. ह्या काठावरून सकाळी हाक मारली, तर ती दुपारी जेवून मगच त्या काठावर पोचायची, असं जुनी माणसं सांगत. पाणथळाला मालक नव्हता. फार मागे एका राजाला मालक व्हायची हौस आली होती. तो पालखीत बसून आला. भोई कमरेपर्यंत चिखलात रुतले, पालखी दांड्यापर्यंत रुतली, राजाच्या मांडीवर एक झिंगा चढून बसला. राजाने तिथल्या तिथे हुकूम सोडला, "आधी मला बाहेर काढा! आणि हे पाणी ज्याला हवं त्याचं!" तेव्हापासून ते सगळ्यांचं झालं.

पावसाळा सरून पाणी निवळलं की गावातलं प्रत्येक घर काठावर आपली खुंटी ठोकायचं. खुंटीपुढे पाण्यात जाळी टाकायची. जाळं साधंच असे. बांबूच्या कामटीची गोल कडी, तिला परातीएवढी खोलगट जाळी, मधोमध भाताच्या कोंड्याचा गोळा, आणि वर दोरी. कडी तळाशी आडवी पडून राही. झिंगे येत, कोंडा खात, वाटलं तर निघूनही जात. दोरी वर ओढली जाईल त्या वेळी जे आत असतील, तेवढेच सापडत.

आणि दोरी ओढायची ती शेजाऱ्याने. ऊन डोक्यावर आलं की जाळ्याचा धनी पाण्याकडे पाठ करून उभा राही. शेजारी त्याचं जाळं उचली, पोटाखाली अंडी असलेल्या माद्या नि बोटापेक्षा लहान पिल्लं निवडून पाण्यात सोडी, आणि उरलेलं धन्याच्या टोपलीत टाकी. मग दोघं जागा बदलत. ही रीत कुणी घातली ते ठाऊक नाही. पण ज्याने घातली, त्याला माणसाचे हात चांगले ठाऊक असावेत. आपल्या जाळ्यात आलेलं सोडायची वेळ आली की बोटं आपोआप मिटतात. दुसऱ्याच्या जाळ्यातलं सोडताना ती छान उघडतात.

लहानूचा शेजारी होता कवडूबुवा. वयाने वडिलांच्या जागी, अंगाने काटकुळा, बोलायला कमी. एका जांभळाच्या झाडाखाली दोघांच्या खुंट्या वीस वर्षं शेजारी शेजारी होत्या. पाठमोरा उभा असलेला लहानू मागे होणारे आवाज ऐकत राही. डुबुक. डुबुक. प्रत्येक आवाज म्हणजे एक झिंगा परत गेला. वीस वर्षांत त्याला त्या आवाजाचा कधी राग आला नाही.

मग एका वर्षी त्याची एकुलती एक लेक गिरजा सासरहून आली. तिला पाचवा महिना होता. ओट्यावर टेकत नाही तोच ती म्हणाली, "बा, मला झिंग्यांचा रस्सा पाहिजे. सासरी नदी आहे, पण तिथल्या झिंग्यांना चवच नाही."

लहानू छाती पुढे काढून म्हणाला, "अगं, उद्या तुझ्यापुढे झिंग्यांचा डोंगर उभा करतो. तू नुसती बसून खा."

दुसऱ्या दिवशी काठावर जाताच त्याने कवडूबुवाला सांगितलं, "बुवा, लेक आलीय. डोहाळे आहेत. आज जरा हात आखडता घ्या."

कवडूबुवा म्हणाला, "पाठ फिरव."

लहानूने पाठ फिरवली. डुबुक. तो गालात हसला. एखाद-दुसरं पिल्लू असेल. डुबुक. डुबुक. मग आवाज थांबेचनात. त्याच्या हाताची बोटं मोजून संपली आणि वर आणखी एक झाला. वळून बघतो तर टोपलीत तीन झिंगे.

"तीन?" लहानूचा आवाज चिरकला. "अकरा सोडलेत तुम्ही! माझ्या लेकीच्या ताटातले अकरा!"

"अकराही गाभण होत्या," कवडूबुवा शांतपणे म्हणाला. "तुझ्या लेकीसारख्याच."

त्या संध्याकाळी यमुनीने, म्हणजे लहानूच्या बायकोने, तीन झिंग्यांचा रस्सा केला. गिरजा बोटं चाटून जेवली. ती कुरकुरली असती तर लहानूला बरं वाटलं असतं. ती हसली, आणि त्याच्या काळजात काटा मोडून राहिला.

यमुनी म्हणाली, "बुवांनी रीत पाळली. रागावायचं काय त्यात?"

"रीत दगडाला पाळता येते," लहानू म्हणाला. "माणसाला माणूस पाळता आला पाहिजे."

सकाळी त्याने जांभळाखालची आपली खुंटी उपटली आणि झिबलच्या शेजारी नेऊन ठोकली. झिबल गावातला गोड माणूस. त्याच्याशी कुणाचं कधी वाजलं नव्हतं, कारण त्याने कुणाला कधी नाही म्हटलंच नव्हतं. ऊन डोक्यावर आलं. लहानू पाठमोरा झाला. झिबलने जाळं उचललं, नि जसं आलं तसं टोपलीत ओतलं.

"लहानूभाऊ," तो म्हणाला, "आपण काय परके आहोत का? मी तुझ्या जाळ्यात बघत नाही, तू माझ्या बघू नको."

त्या दिवशी लहानूच्या घरी खरंच डोंगर उभा राहिला. लेक तृप्त झाली. शेजाऱ्यांकडेही वाट्या गेल्या.

वाट्या गेल्या तशी बातमीही गेली. आठ दिवसांत काठावरच्या खुंट्या हलू लागल्या. प्रत्येकाला सैल हाताचा शेजारी हवा होता, आणि गंमत अशी की प्रत्येकाला तो सापडला. भांडणं संपली. काठावर एवढा सलोखा कमळटोल्याने कधी पाहिला नव्हता. जो तो दुसऱ्याच्या टोपलीत भरभरून ओतत होता. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. दुपारी उन्हाच्या वेळी काठावर जो आवाज व्हायचा, तो बंद पडला. डुबुक असं कुठे ऐकूच येईना.

कवडूबुवाच्या शेजारी मात्र कुणी खुंटी ठोकली नाही. तो रोज जांभळाखाली यायचा. पाण्यातल्या जाळ्यात वरून कोंड्याचा गोळा सोडायचा, आणि ऊन डोक्यावर आलं की पाण्याकडे पाठ करून उभा राहायचा. कुणी यायचं नाही. ऊन कललं की तो जाळं तसंच पाण्यात ठेवून घरी जायचा.

एकदा झिबल त्याला हसत म्हणाला, "काय बुवा, झिंग्यांना फुकटचं जेवण घालताय? उचला की आपल्या हाताने! कोण बघतंय?"

"म्हणूनच उचलत नाही," कवडूबुवा म्हणाला.

दोन वर्षं म्हाताऱ्याने शिंगाडे उकडून खाल्ले आणि झिंग्यांना कोंडा घातला. पोरंटोरं त्याला 'झिंग्यांचा सासरा' म्हणू लागली. लहानू येताजाता त्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघायचा आणि पावलं उचलायचा. पहिल्या वर्षी रागाने उचलायचा. दुसऱ्या वर्षी राग उरला नव्हता, तरी पावलं उचलायचा.

तिसऱ्या वर्षी पाणी निवळलं, आणि जाळी रिकामी आली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिनाभर. कडीत कोंड्याचा गोळा जसाच्या तसा. झिंगे पकडण्यात सात गावांत ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्या लहानूला महिन्यात दोन झिंगे मिळाले. तेही एवढे किरकोळ की यमुनीने ते मांजरापुढे टाकले आणि मांजराने तोंड फिरवलं. गावातल्या चुली मीठ-भातावर आल्या. दोन घरं तर कुलूप लावून दुसऱ्या मुलखात निघून गेली. झिबल अजूनही सगळ्यांशी गोडच बोलत होता, पण त्याचंही पोट पाठीला लागलं होतं.

आणि गिरजा पुन्हा आली. दुसरं लेकरू पोटात होतं. ह्या खेपेला तिने काही मागितलं नाही. रिकाम्या टोपल्या तिने वाटेतच पाहिल्या होत्या. तिचं ते न मागणं लहानूला सोसवेना. तिला मागच्या अंगणात बघून तो यमुनीला हळूच म्हणाला, "अगं, पोरगी तोंड उघडत नाही. एकदा तरी हिच्या ताटात झिंगा पडला पाहिजे."

"सगळ्या पाण्यात झिंगे आहेत ते एकाच जागी," यमुनी म्हणाली. "ते तुम्हालाही ठाऊक आहे."

ठाऊक सगळ्यांनाच होतं. जांभळाखालच्या पाण्यात दुपारचे बुडबुडे उठत. कवडूबुवाची दोरी आपोआप थरथरे. पण दुसऱ्याच्या खुंटीपुढे जाळं टाकण्याइतका निर्लज्जपणा अजून गावात आला नव्हता, आणि म्हाताऱ्याच्या शेजारी उभं राहण्याइतकं धैर्यही कुणात उरलं नव्हतं.

लहानूने झिबलच्या शेजारची खुंटी उपटली. भर सकाळी, सगळ्या गावासमोर, ती खांद्यावर घेऊन तो काठाकाठाने चालत गेला. जांभळाखाली पोचला. जुन्या खुंटीचं भोक अजून तिथेच होतं. त्यात त्याने खुंटी ठोकली आणि आपलं जाळं पाण्यात सोडलं.

दोघांच्यामध्ये कोंड्याची दुरडी होती, ती म्हाताऱ्याने पायाने थोडी त्याच्याकडे सरकवली.

ऊन डोक्यावर आलं. म्हाताऱ्याने नेहमीसारखी पाठ फिरवली. मागे गाव गोळा झालं होतं, त्यात गिरजाही होती. लहानूने दोन्ही हातांनी दोरी ओढली. जाळं वर येईना, इतकं जड. शेवटी आलं, आणि बघणारे पुढे सरसावले. जाळं झिंग्यांनी ओसंडत होतं. एकेकाच्या मिशा एवढ्या लांब, की एखाद्या सुभेदाराने बघून आपल्या मिशा उतरवल्या असत्या.

लहानूने पहिला झिंगा उचलून उलटा केला. पोटाखाली मोहरीसारखी अंडी चिकटलेली. दुसरा उचलला. अंडी. तिसरा. अंडी. त्याने सगळं जाळं चाळून पाहिलं. सगळ्या माद्या, आणि सगळ्या भरलेल्या.

झिबल त्याच्या मागे येऊन कुजबुजला, "म्हाताऱ्याची पाठ आहे, भाऊ. चार टाक धोतराच्या ओच्यात. लेकीसाठीच ना? पाप नाही लागत."

लहानूने गिरजाकडे पाहिलं. तिचा एक हात पोटावर होता. मग त्याने हातातल्या मादीकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वीचे ते अकरा आवाज त्याला आठवले. तेव्हा त्याला वाटलं होतं, लेकीच्या ताटातून कुणीतरी ओढून नेतंय. आज त्याच्या हातात होत्या त्या बहुधा त्याच अकराजणींच्या नाती-पणत्या. तेवढ्याच उरल्या होत्या.

त्याने बोटं उघडली.

डुबुक.

काठावरची माणसं दचकली. दोन वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. डुबुक. डुबुक. लहानू एकेक मादी पाण्याला टेकवून सोडत होता. जाळं हलकं होत गेलं. शेवटी नुसती ओली जाळी राहिली, आणि ती त्याने म्हाताऱ्याच्या रिकाम्या टोपलीजवळ ठेवली.

"झालं, बुवा."

"सगळं सोडलंस?" कवडूबुवाने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"सगळं."

"लेकीसाठी एकही नाही ठेवलास?"

"ठेवण्याजोगा एकही नव्हता."

कवडूबुवा वळला. ज्या माणसाला गावाने कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्याने पंच्याने दोन्ही डोळे पुसले. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाला, "आता तू पाठ फिरव."

लहानू पाठमोरा उभा राहिला. त्याचं जाळं वर आल्याचा आवाज झाला. डुबुक. डुबुक. डुबुक. मग थोडा वेळ काहीच नाही. लहानूने कान टवकारले. मग टोपलीत काहीतरी धपकन पडलं.

"हा नर आहे," कवडूबुवा म्हणाला. "चांगला थोराड आहे. लेकीला नेऊन दे."

त्या दिवशी यमुनीने एका झिंग्याचा रस्सा केला. मिशा भांड्याबाहेर लोंबत होत्या म्हणतात, पण त्याची शपथ कुणी घेतलेली नाही. गिरजाने वाटी पुढे ओढली, बापाकडे पाहिलं, आणि अर्धा झिंगा काढून दुसऱ्या वाटीत ठेवला.

"हा कुणाला?" लहानूने विचारलं.

"बुवांना," ती म्हणाली. "शिंगाडे खाऊन खाऊन त्यांच्या जिभेची चव गेली असेल."

दुसऱ्या दिवशी काठावरच्या खुंट्या पुन्हा हलल्या. पहिला आला झिबल. मान खाली घालून तो कवडूबुवाच्या दुसऱ्या अंगाला उभा राहिला. ते वर्ष उपाशी गेलं, पुढचंही अर्धपोटी गेलं. पण रोज दुपारी काठभर डुबुक डुबुक चालू राहिलं, आणि त्यापुढच्या वर्षी पाणी पुन्हा झिंग्यांनी भरलं.

तात्पर्य: आपल्या चुकीकडे डोळेझाक करणारा माणूस गोड वाटतो, पण आपल्या हातून रीत मोडू न देणारा माणूसच खरा शेजारी असतो, आणि जे सगळ्यांचं असतं, ते अशा शेजाऱ्यांच्या जिवावरच टिकतं.