हौदातला खडस आणि भिवरेची काकणं

हा हौद बघताय ना, असा हौद आमच्या कोंडगावात प्रत्येक जुन्या घरामागे आहे. डोंगरातला झरा पाटाने आणलाय. पाणी एका हौदातून पुढच्या हौदात आणि शेवटी पोफळीच्या बागेत जाते. खाली तो काळसर पडलाय तो खडस. ओंडका नव्हे, मासाच आहे. माझ्या आजोबांनी याला भात घातला, वडिलांनी घातला, आता मी घालतो. मी गेल्यावरही हा इथेच असेल, त्याला काही फरक पडणार नाही. खायला पाळलेत का, असे पाहुणे हमखास विचारतात. नाही. हे मासे देवीचे आहेत.

खाली नदीत देवीचा डोह होता. एके वर्षी दरड कोसळली आणि डोह बुजत चालला. तेव्हा म्हणे घरटी एक मासा लोकांनी उचलून आणला आणि देवीपुढे शब्द दिला, घरात चूल पेटेल तोवर माशाला घास मिळेल. ज्याच्या घरचा मासा उपाशी मरेल, त्याने चूल विझवून गाव सोडायचे. शब्द देताना माणूस हात आखडत नाही. निभवायचे पुढच्यांनी.

बऱ्याच पिढ्यांनंतरची गोष्ट. नवघरे म्हणून एक घर होते, त्या घरात भिवरा नावाची सून आली. मासा सांभाळायचे काम सासूने तिच्याकडे दिले. ती भाताचा गोळा घेऊन यायची, हातातल्या बांगड्या हौदाच्या काठावरून सरसर ओढायची आणि हात पाण्यात धरायची. तो आवाज ऐकला की खडस वर येई, तिच्या तळव्यातून भात खाई. तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या हातचे त्याने कधी खाल्ले नाही, असे सांगतात. घरच्यांना त्याचे कौतुकच होते. त्यात धोका आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

मग भिवरेचा नवरा तापाने गेला. रीतीप्रमाणे बायकांनी तिला अंगणात बसवले आणि तिच्या बांगड्या दगडावर फोडल्या. तुकडे परसातल्या फणसाच्या बुंध्याशी टाकले. त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. सगळीकडे तसेच करत.

दुसऱ्या दिवशी भिवरा भात घेऊन हौदावर गेली. मोकळा हात पाण्यात धरून बसली. मासा हलला नाही. धाकट्या दिराने, विठोजीने, भात टाकून पाहिला. तो पाण्यावर फुगून आंबला. जावेने आपल्या बांगड्या काठावरून ओढल्या. मासा अर्ध्यापर्यंत वर आला, हात बघितला आणि परत तळाशी गेला. त्याला भिवरेचा हातही हवा होता आणि आवाजही. माशाची मर्जी, आणखी काय!

दिवस जात राहिले तसे माशाचे पोट खपाटीला गेले. विठोजीची पोरे लहान होती. गाव सोडून जायचे तरी कुठे? भिवरा म्हणाली, "भावजी, तो मला तोंडावरनं नाय वळखत, काकणांवरनं वळखतो. मला काकणं भरा."

विठोजी म्हणाला, "वयनी, लोकं तोंडात शेण घालतील आमच्या."

ती स्वतः कासाराकडे गेली. विधवेच्या हातात बांगडी चढवायला तो धजला नाही. गावचा कारभार बघणारा गावकर होता, त्याने तर तिचे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही.

तेव्हा भिवरेने फणसाखालचे तुकडे वेचले. सुताने एकाला एक बांधले आणि मनगटाभोवती करकचून आवळले. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, ती हौदावर गेली. काच काठावर घासली तशी उलटून मनगटात घुसली. पाणी लाल झाले. आणि खडस वर आला. त्या रक्ताच्या पाण्यातून तो तिच्या तळव्यापाशी आला आणि भात खाऊ लागला. ती दुसरा गोळा घ्यायला हात काढी, पुन्हा काच घासून हात बुडवी.

गावकर पुढे झाला. तिच्या मनगटातले तुकडे त्याने स्वतः काढले, म्हणे. मग कासाराला बोलावणे धाडले. कासार दबकत म्हणाला, "पन रीत?"

"फोडली ती आपनच," गावकर म्हणाला. "भरायची पन आपनच."

आजही कोंडगावात बाईचा नवरा गेला तर बांगड्या फोडत नाहीत. सुतक फिटते त्या दिवशी कासार येतो आणि सगळ्या गावासमोर तिच्या हातात नव्या बांगड्या भरतो. हौद नसलेल्या बिऱ्हाडातही भरतो. आता माशाचा त्यात काही संबंध राहिलेला नाही.

बाहेरगावी दिलेल्या लेकींचे मात्र आमच्या हातात नसते. तिथे त्यांच्या फोडतात. मग भाऊ जातो आणि तिला भरायला इथे घेऊन येतो. माझ्या थोरल्या बहिणीला आणायला मी गेलो होतो. वाटभर तिने हात पदराखाली झाकून ठेवले होते. वेशीपाशी आल्यावर तिने ते बाहेर काढले.