चिखलाचा पंजा

त्या राज्यात तळे वर होते आणि वस्ती खाली. मध्ये एक मातीचा बांध होता. अस्वल रोज बांध तपासून उजळपाटीवर खुणा करी आणि त्या लगेच दरबारात उमटत.

पाटीवरची खुणांची घरे सुगरणीने आखली होती. नव्वद घरे, एकेक तिच्या चोचीएवढे. जिच्या घरट्याला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती, तिच्या पाटीला कोण ठेवणार? पाटी रोज लखलखीत परत येई, सगळीकडे 'ठीक', आणि सुगरणीची मान आणखी ताठ होई.

एके सकाळी सशांच्या बिळात पाणी शिरले. पाटी मात्र 'ठीक' म्हणत होती. दरबाराने अस्वलाला कामचुकार ठरवले आणि दोन दिवसांत हाकलायचे ठरवले. आपल्या पाटीत खोट नाही हे दाखवायला सुगरण त्याच्या खांद्यावर बसून फेरीला निघाली.

अस्वलाने एकही भेग सोडली नाही. ओल दिसली की पंजा घालून बघे, पण गळ्यातली पाटी काढत नसे. फेरी संपल्यावर झाडाखाली पंजे धुऊन, सुकवून मगच त्याने ती हातात घेतली.

"तिथल्या तिथे का नाही लिहीत?"

"पाटी मळली की दरबारात बोलणी बसतात, बाई. एक घर दाबलं की शेजारची चार दबतात. 'झिरपतंय' पार तळाला. तिथवर पोचेस्तोवर कुठली भेग कुठं, ते डोक्यात राहत नाही. मग हाताला लागतं ते वरचं 'ठीक'च."

सुगरणीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने गवताच्या काडीने त्याचा पंजा मोजला आणि सगळी वीण उसवली. घरे उरली सहा, बांधावर चालताना लागतील त्याच क्रमाने. 'झिरपतंय' सगळ्यांत वर. ओल्या पंजाने, उतारावर उभे राहून दाबून पाहताना अस्वलाचा नेम दोनदा चुकला. दोन्ही वेळा तिने पुन्हा आखले.

दुसऱ्या दिवशी अस्वल बांधावरच होते, तोवर दरबारात खूण उजळली. रानडुकरे माती लोटायला धावली. दुपारी सशांची बिळे कोरडी झाली आणि अस्वलाला हाकलायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

संध्याकाळी पाटी दरबारात आली ती चिखलाने बरबटून. साळुंकी फडके घेऊन पुढे झाली.

"राहू दे," सुगरण म्हणाली आणि पाटीच्या कडेवर जाऊन बसली, मान पहिल्यासारखीच ताठ. तिच्या पायाशी सहा घरे होती, आणि सर्वांत वरच्या घरात, रेघेला कुठेही न शिवता, अस्वलाचा अख्खा पंजा उमटला होता.