उजवा पाय

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी या गोष्टीला सुरुवात झाली.

“मग चुकतंय कोण, फादर? मी की माझा नवरा?”

नातालीननं हे पायरीवरूनच विचारलं. चपला काढता काढता. ना नमस्कार, ना ‘आत येऊ का’.

म्हातारे फादर कैतान पडवीत बसून टॉवेलांच्या घड्या घालत होते. बारा टॉवेल, पांढरेशुभ्र. दुसऱ्या दिवशी पवित्र गुरुवार होता. प्रभू येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून दर वर्षी त्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर गावातल्या बाराजणांचे पाय धुवायचे. यंदा त्या बाराजणांत नातालीनचं नाव होतं.

“बस,” फादर म्हणाले.

“बसायला वेळ नाही. बाळाला शमुवेलजवळ टाकून आलेय. तासाभरात उठेल ती, दूध मागेल.”

“मग उभ्यानं सांग.”

नातालीन बसली.

नवरा लग्नानंतर तिच्याच घरी राहायला आला होता, त्यामुळे तिचं माहेर आणि सासर दोन्ही म्हटलं तर एकाच घरात होतं. वसईच्या वाडीतली ती, पिढ्यान् पिढ्या कॅथलिक. लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायची, वेदीवरची फुलं बदलायची. रविवारची मिस्सा तिनं बाळंतपण सोडलं तर कधी चुकवली नव्हती, आणि हे ती स्वतःच चारजणांना सांगायची. नवरा शमुवेल राहुरीकडचा, प्रोटेस्टंट. त्याचे आजोबा पाळक होते. बायबल त्याला तोंडपाठ. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि देवावरून दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं.

गेल्या महिन्यात पेद्रूला इस्पितळातून घरी आणला, तेव्हापासून रोज होत होतं.

पेद्रू म्हणजे नातालीनचा थोरला भाऊ. दारूनं लिव्हर संपवलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. नातालीननं विचारलंही नाही.

“मी पेद्रूला म्हणते, फादरांना बोलावते, पापनिवेदन कर. कुणाचं वाईट केलं असशील तर माफी माग. जाता जाता हातून थोडं तरी बरं होऊ दे. तर शमुवेल मध्येच बोलतो. म्हणतो, माणसाच्या कर्मानं कुणाचं तारण झालंय का? कृपा फुकट असते. नुसता विश्वास ठेव, पेद्रू, झालं.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी म्हणते, फुकट मिळालेलं कोण जपतं? तर म्हणतो, तुझा जन्म तुला फुकटच मिळाला, टाकून दिलास का तो?”

फादर हसले. “हुशार आहे जावई.”

“हुशार आहे म्हणूनच तर झोप उडालीय माझी.”

“आणि पेद्रू काय म्हणतो?”

नातालीननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“तो भिंतीकडे तोंड करून पडतो. काल म्हणाला, तुम्ही दोघं आधी काय ते ठरवा, मग मला सांगा कुठल्या दारानं जायचं. मला तर दोन्हींना कुलूपच दिसतंय…”

फादर टॉवेलाची कड कडेला जुळवत राहिले.

नातालीनला एक सवय होती. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. आता पेद्रूच्याही नाकाशी धरायची. बोटाला ऊब लागली की हायसं वाटायचं, आणि लगेच दुसरी भीती उभी राहायची. आज आहे. उद्या हा असाच गेला तर? तोंड फिरवून?

“बोला ना, फादर. कर्म की विश्वास?”

“पाचशे वर्षं हे भांडण चाललंय, नातालीन. मोठे मोठे पंडित दमले. तुला बाळ उठायच्या आत निकाल हवाय.”

“हवाय. माझा भाऊ पाचशे वर्षं थांबणार नाही.”

फादरांचा हात टॉवेलावरच थांबला…

मग त्यांनी अगदी भलतंच विचारलं.

“त्याची चादर कोण बदलतं?”

“चादर? शमुवेल.”

“उलटी झाली तर?”

“तोच. मला तो वास सहन होत नाही, फादर. अंगावर पाजते मी बाळाला.”

“पण शमुवेल तर म्हणतो, कर्मानं काही होत नाही.”

“तेच तर मी त्याला म्हणते! मग करतोस कशाला एवढं?”

“काय म्हणतो?”

“म्हणतो, चादर ओली आहे म्हणून.”

“हं… आणि तू काय करतेस?”

“मी उशाशी बसून जपमाळ ओढते. दुसरं काय करणार? सगळा भरवसा देवावर टाकलाय.”

फादरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“मग तुमच्या दोघांत प्रोटेस्टंट कोण?”

नातालीनला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आपण चार माणसांत धर्म शिकवतो आणि हा म्हातारा आपल्याला पोरीसारखं खेळवतोय, असं तिला वाटलं. तिनं मान खाली घातली.

फादरही खालीच बघत होते. तिच्या पायांकडे.

डावा पाय वाडीत राबणाऱ्या बाईचा असतो तसा होता. टाचेला भेगा, नखांत माती. उजवा पाय मात्र नव्या नवरीचा असावा तसा. गुळगुळीत, गुलाबी.

नातालीननं उजवा पाय डाव्यामागे लपवला.

“कधीपासून घासतेस?”

“…रविवारपासून.”

“कशानं?”

“कोमट पाण्यात मीठ घालून भिजवायचा. मग वजरीनं.”

“फक्त उजवा?”

“तुम्ही एकच तर धुता!”

आता फादर मोठ्यानं हसले. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं.

“अडतीस वर्षं मी पाय धुतोय, नातालीन. अडतीस वर्षांत पाणी एकदाही गढूळ झालं नाही. सगळे घरून घासून येतात. एकानं तर पावडर लावली होती, वासानं मला शिंका आल्या. मिस्सा संपली की त्याच पाण्यात मी माझा चष्मा धुतो.”

“मग काय मळके पाय घेऊन वेदीपुढे बसायचं? देवासमोर? माणसाला लाज आहे की नाही…”

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि ती गप्प झाली. एकदम. कुणी तिच्याच तोंडावर हात ठेवावा तशी.

बाहेर माळ्यानं नुकतंच अबोलीच्या वाफ्याला पाणी सोडलं होतं. ते जमिनीत जिरतानाचा आवाज येत होता.

“फादर…”

“बोल.”

“दोन वर्षांपूर्वीचा पवित्र गुरुवार…”

“त्या वर्षी मी अकरा पाय धुतले.”

“तुम्हाला आठवतं?”

“एका टॉवेलाची घडी मोडली नव्हती.”

हे ती कुणाशीच बोलली नव्हती. शमुवेलशी नाही. पापनिवेदनातही नाही, कारण हे पाप आहे असं तिला तेव्हा वाटलंच नव्हतं.

“त्या दिवशी बाराव्या माणसाला ताप आला. आला नाही तो. तुम्ही वेदीवरून विचारलंत, कुणी येतं का? पेद्रू अगदी मागे, दारात उभा होता. केळीला पाणी लावून तसाच आलेला. पिंढरीपर्यंत चिखल. तुम्ही त्याला हात केलात… आणि तो निघाला, फादर. हसत निघाला! कधी कुणी त्याला पुढे बोलावलंच नव्हतं.”

“हो. हसत होता.”

“मी बायकांच्या रांगेतून उठले. मधेच त्याचं कोपर धरलं. म्हटलं, अरे, लाज आहे की नाही? हे पाय घेऊन फादरांच्या पुढ्यात बसणार? नळावर जा, धुऊन ये.”

तिनं उजवा पाय साडीच्या काठाखाली सरकवला.

“गेला तो. नळाचा आवाज मला आत ऐकू येत होता. किती वेळ… मी मान वळवून वळवून बघत होते. आलाच नाही. घरी गेल्यावर मी रागानं विचारलं, काय रे, कुठे गेलास? तर म्हणाला, किती घासले, ताई, चिखल निघालाच नाही.”

“थोरला ना तो? तुला ताई म्हणतो?”

“प्यायला की म्हणायचा.”

…

“वाडीतला चिखल तो, फादर. एका तांब्यात निघतो.”

नातालीन रडत नव्हती. रडली असती तर बरं, असा तिचा चेहरा झाला होता.

“त्या आधीही प्यायचा. पण रविवारी यायचा. मागच्या बाकावर बसायचा, कुणाच्या मधे मधे नाही. त्यानंतर एकदाही नाही आला. आता मी त्याला सांगते, बरं काहीतरी कर. शमुवेल सांगतो, विश्वास ठेव. आणि तो माझ्याकडे बघतो ना, फादर… नुसता बघतो. त्याला दाराशी अडवलं कुणी, ते त्याला माहीत आहे. मला माहीत आहे. तो असा गेला तर ते माझ्यामुळे.”

फादर कैतान उठले. गुडघ्यांवर हात टेकून, हळूहळू. नातालीनला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवतील, आशीर्वाद देतील. तिनं डोकं पुढे केलं.

फादर तिला ओलांडून पडवीच्या कडेला गेले. खाली वाकले. वाफ्यातला मूठभर ओला चिखल उचलला. परत आले, तिच्यासमोर जमिनीवर बसले, आणि तो चिखल तिच्या घासलेल्या उजव्या पायावर थापला.

“अगं बाई! फादर!”

तिनं पाय मागे ओढला. फादरांनी घोटा सोडला नाही. बोटांच्या मधे, टाचेला, वर घोट्यापर्यंत त्यांनी चिखल नीट लावला. घाई केली नाही.

“उद्या संध्याकाळपर्यंत राहू दे.”

“हा असा? मिस्सेला? सगळ्या गावासमोर?”

“हा असा.”

“लोक काय म्हणतील?”

“तुझ्यासारखं कुणी असेल, तर तुझं कोपर धरेल.”

नातालीनचा चेहरा पडला… मग हळूहळू तिचा ओढलेला पाय सैल झाला. चिखल गार होता. चार दिवस घासून हुळहुळणाऱ्या कातडीला तो गारवा बरा वाटत होता, आणि बरा वाटतोय याचंच तिला रडू आलं.

फादर तिथेच जमिनीवर बसून राहिले. तिचं रडून होईपर्यंत.

“घरी जा. पेद्रूला सांग, उद्या चार वाजता मी येतोय. मिस्सेच्या आधी. पहिला पाय त्याचा.”

“मग तेरा होतील, फादर.”

“होऊ देत.”

“त्याचे पाय सुजलेत. कातडी फुटलीय, पाणी गळतं. वास येतो. मी सकाळी उठून स्वच्छ पुसून…”

“पुसू नकोस.”

“थोडं डेटॉल तरी…”

“नातालीन.”

“…बरं.”

“पाणी ओतायला शमुवेल लागेल. मला आता तांब्या धरून वाकता येत नाही. त्याला विचार, ओतशील का?”

“ओतेल तो. विचारायला कशाला हवं.”

“तरी विचार.”

ती उठली. पायरीपर्यंत गेली, पुन्हा वळली. तिचं मन अजून घड्याळाच्या लंबकासारखं इकडून तिकडे जात होतं.

“आणि पापनिवेदन?”

“आधी पाय.”

“तो नको म्हणाला तर? भिंतीकडे तोंड करून पडला तर?”

“तर मी बसून राहीन. तुमच्याकडे चहा मिळतो ना?”

“मिळतो की… पण तुम्हाला मिस्सेला उशीर होईल.”

“गाव थांबेल.”

नातालीननं डाव्या पायात चप्पल घातली. उजव्या पायाची चप्पल हातात घेतली, चिखल पुसला जाऊ नये म्हणून. तशीच एका पायानं अनवाणी उभी राहिली.

“फादर, पण मी विचारलेलं राहूनच गेलं. कृपा की कर्म? शमुवेल विचारेल, काय म्हणाले फादर?”

फादर पुन्हा खुर्चीत बसले होते. हाताला चिखल लागलेला. त्याच हातानं त्यांनी एक पांढरा टॉवेल उचलला आणि घडी घालायला घेतली. टॉवेलावर पाच बोटं उमटली. त्यांनी तो तसाच बाकीच्यांवर ठेवला.

“उद्याचे बाकीचे अकराजण तुला माहीत आहेत?”

“सगळे याच आळीतले. माझ्या वाटेवरच राहतात.”

“मग जाता जाता एकेकाच्या दारात थांब,” फादर म्हणाले. “आणि सांग प्रत्येकाला… उद्या कुणी पाय धुऊन येऊ नका.”