खार, साळुंकी आणि जाळ्याचा भाव

मोहाच्या एका जुन्या झाडावर, वरच्या ढोलीत, एक खार राहत असे. त्याच झाडाच्या खालच्या ढोलीत एक साळुंकी राहत असे. खार कामसू होती, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल की आळशी असेल म्हणून तिचं असं झालं. मुळीच नाही. पहाटेपासून ती चारोळ्या, सुकी बोरं, शेताच्या कडेच्या शेंगा गोळा करायची आणि ढोलीत रचून ठेवायची. तिला तीन पिल्लं होती. पावसाळ्यात खारीला बाहेर पडता येत नाही, तेव्हा त्या तीन पोटांची सोय म्हणजे ती रास. बाकी तिच्याकडे काही नव्हतं.

त्या जंगलात आठ पायांच्या एका कोळिणीने एक नवीनच उद्योग काढला होता. तिने झाडाझाडांवर धागे ताणले. कुणाला काही हवं असलं की त्याने घरबसल्या आपल्या दारातला धागा हलवायचा. कोळीण मध्यावर बसून ओळखायची की कोणी, काय मागितलं. मग तिची वानरं उड्या मारत ती वस्तू घरपोच आणून द्यायची. अस्वलाला मध घरात, मोराला दाणे घरात. सगळं जंगल खूश होतं. पण धागे वाढवायचे तर वानरांना खायला घालावं लागतं, म्हणून कोळिणीने आपल्या उद्योगाचे लहान लहान वाटे विकायला काढले. तुमच्या घरातली मोठी माणसं ज्याला शेअर म्हणतात ना, तेच. उद्योग वाढला की वाट्याचा भाव वाढणार, आणि उद्योग बसला की भावही बसणार.

हा भाव सांगायचं काम तांबट पक्ष्याकडे होतं. तांबट उन्हाळाभर उंबरावर बसून टुक टुक करतो, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या जंगलात एका वाट्याला जितक्या चारोळ्या, तितके टुक तो करायचा आणि मग थांबायचा. भाव बदलला की पुन्हा. वाटे घ्यायचे किंवा विकायचे असले तर कुंपणावरच्या सरड्याकडे जायचं. सरडा भला होता, पण त्याला एक खोड होती. कोणी काहीही विचारलं तरी तो मान हलवायचा. घेऊ का? मान वर खाली. विकू का? मान वर खाली. आणि ज्याला जे ऐकायचं असतं ते त्याला त्या मानेत दिसतंच.

साळुंकीने अगदी सुरुवातीला दहा वाटे घेतले होते. तेव्हा भाव होता दोन. खारीने त्या वेळी नाक मुरडलं होतं. "कोळ्याच्या जाळ्यात कोणी आपणहून जातं का साळूबाई?" असं म्हणून ती हसलीही होती. साळुंकी म्हणाली, "बघू या खारूताई. गेले तर वीस दाणे जातील."

ते काही गेले नाहीत. तांबट तीनवर गेला, पाचवर गेला. एका सकाळी त्याने सात टुक केले, आणि साळुंकीने खालून हाक मारली, "ऐकलंत का? आज सात."

"छानच झालं की," खार वरून म्हणाली. आवाज गोड होता. पोटात मात्र दुखायला लागलं होतं.

हे पोटात दुखणं मोठं विचित्र असतं बरं का. खारीचं काहीही कमी झालं नव्हतं. काल जितकी रास होती तितकीच आजही होती. पण काल ती रास तिला मोठी वाटायची, आणि आज त्याच राशीकडे बघून तिला वाटलं, एवढंसंच? साळुंकीने सावरीचा कापूस घरपोच मागवला आणि घरट्यात अंथरला. खारीला तो कापूस डोळ्यांत खुपला. साळुंकीने एक पिकलेला आंबा मागवला आणि त्यातली अर्धी फोड खारीच्या पिल्लांना पाठवली. पिल्लांनी मिटक्या मारत खाल्ली. खारीला वाटलं, ही आम्हाला दाखवायलाच पाठवते. आता यात दाखवण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा. पण हेवा एकदा मनात शिरला की आंब्याची फोडसुद्धा टोमण्यासारखी लागते.

तांबट आठवर गेला, दहावर गेला. खारीला झोप लागेना. ती दाणे गोळा करायला निघायची आणि अर्ध्या वाटेत थांबून टुक मोजत बसायची. एक चुकला असं वाटलं तर पुढच्या वेळेपर्यंत तिथेच उभी. घरी येताना गालात दोनच शेंगा. पिल्लं म्हणायची, "आई, आज एवढंच?" ती म्हणायची, "गप्प बसा, मला ऐकू दे."

तांबटाने बारा टुक केले त्या दुपारी तिच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. ती तडक सरड्याकडे गेली.

"सरडेभाऊ, साळूबाईचे दहा वाटे आहेत ना?"

सरड्याने मान हलवली.

"मग मला अकरा द्या."

आता बघा, दहा का नाहीत, बारा का नाहीत, तर अकरा. शेजारणीपेक्षा एक जास्त. वाटा चांगला की वाईट, कोळिणीची वानरं किती खातात आणि किती कमावून आणतात, हे तिने विचारलं नाही. तिला कोळिणीशी काही देणंघेणंच नव्हतं. तिला साळुंकीच्या वर एक हवा होता. अकरा वाट्यांना चारोळ्या मोजता मोजता ढोलीतली रास तळाला गेली. कोपऱ्यात थोडी बोरं उरली.

सरडा म्हणाला, "सगळंच देताय का?"

"भाव वाढतोय ना?"

सरड्याने मान हलवली.

संध्याकाळी साळुंकी वर आली. दारातच म्हणाली, "खारूताई, आज मी एक गोष्ट केली, तुम्हाला सांगायची होती." खारीला वाटलं, आली मिरवायला. ती म्हणाली, "आज माझं डोकं फार दुखतंय हो. उद्या बोलू." आणि तिने ढोलीच्या तोंडाशी पाठ केली. साळुंकी जरा वेळ थांबली आणि खाली गेली. दुसऱ्या दिवशी तिची अंडी फुटली, पिल्लांच्या धावपळीत ती बुडून गेली, आणि ते बोलणं राहूनच गेलं.

त्यानंतर एकदाच तांबट तेरावर गेला. त्या दिवशी खार शेपटी फुलवून फांदीवर फिरली. मग चैत्रातलं वारं सुटलं. कोळिणीचे धागे तुटायला लागले. घुबडाकडे गाजरं गेली, सशाकडे उंदीर गेला, आणि सशाच्या घरी जो गोंधळ झाला तो विचारू नका. वानरांनीही निम्मा माल वाटेतच खायला सुरुवात केली. लोक म्हणाले, यापेक्षा आपलं आपण जाऊन आणलेलं बरं. तांबट दहावर आला, मग आठवर.

कोणीही शहाणी खार इथे काय करेल? आठ तर आठ, असं म्हणून वाटे विकेल आणि उरलेली चारोळी घरी नेईल. आपली खारही उठली. कुंपणाकडे निघालीसुद्धा. पण वाटेत तिला खालच्या ढोलीत साळुंकी दिसली. पिल्लांना भरवत होती, जरा दमलेली, पिसं विस्कटलेली. खारीच्या मनात आलं, हिचा चेहरा उतरलाय. भाव पडल्यामुळेच उतरलाय. आणि इतक्या दिवसांनी तिला छातीत गार वाटलं.

ती परत फिरली. आपले वाटे विकायचे तिच्या लक्षातच राहिलं नाही.

पण मुलांनो, तुम्हाला वजाबाकी येते ना? साळुंकीने वाटे घेतले होते दोनला. भाव आठ असला तरी तिचा फायदाच. सहा असला तरी फायदाच. हे खारीलाही रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं, आणि ती ताडकन उठून बसली. म्हणजे हिचं अजून काहीच बुडलेलं नाही? हिचं बुडायला भाव दोनच्या खाली यायला हवा.

आणि मग त्या खारीने काय केलं असेल? स्वतःच्या ढोलीत अकरा वाटे असताना, तीन पोरांची बेगमी त्यात अडकलेली असताना, ती रोज सकाळी उठून मनात म्हणू लागली, पडू दे. अजून पडू दे. तांबटाने सहा टुक केले की तिला बरं वाटायचं. पाच केले की ती गुणगुणायची. एका पिल्लाने विचारलं, "आई, भाव पडला की आपलंही कमी होतं ना?" ती म्हणाली, "आपलं काय एवढं. तिचं बघ तू." पोर बिचारं खालच्या ढोलीत वाकून बघू लागलं. त्याला तिथे काहीच कमी झालेलं दिसलं नाही.

सरडा एकदा वाटेत भेटला. म्हणाला, "खारूताई, चारवर आलाय. काढून टाकायचे का?"

"थांबा थोडं," खार म्हणाली.

सरड्याने मान हलवली.

तीन झाला. दोन झाला. वैशाख संपत आला, झाडांवर आता काही उरलं नाही, जमिनीवरचं मुंग्यांनी नेलं. आणि एका सकाळी तांबटाने एकच टुक केला आणि चोच मिटली. खारीने पुन्हा कान दिला. पुढे काही नाही. एक.

आता तिला राहवेना. तिने शेपटी नीट केली, चेहरा दुःखी केला आणि ती खालच्या ढोलीशी गेली. वर राहायला आल्यापासून ती आपणहून पहिल्यांदाच साळुंकीच्या दाराशी गेली होती.

"साळूबाई," ती म्हणाली, "ऐकलं हो मी. फार वाईट वाटलं."

साळुंकी पिल्लांना झोपवत होती. "कशाचं?" तिने विचारलं.

"कोळिणीच्या वाट्यांचं. दहा वाटे होते तुमचे. मातीच झाली ना."

"अहो, माझे कुठे आता?" साळुंकी म्हणाली. "मी ते कधीच विकले. भाव बारा होता ना, त्याच दिवशी. सकाळ झाली की त्या तांबटाकडे कान, अंडी उबवू की टुक मोजू, असं व्हायला लागलं होतं. म्हटलं पुरे. सकाळी सरडेभाऊंना सांगितलं, आणि दुपारी ते सांगत आले की कोणीतरी एकदम अकरा मागतंय, तुमचे दहा आत्ताच गेले. तेच तुम्हाला सांगायला आले होते संध्याकाळी, पण तुमचं डोकं दुखत होतं."

आपल्या ढोलीतले वाटे कोणाचे होते ते आता खारीला कळलं. जिच्यावर मात करायला ते घेतले, तिच्याच हातून ते आले होते. आणि इतके दिवस जिचं नुकसान बघत ती मजेत बसली होती, तिचं नुकसान कुठे झालंच नव्हतं. जे काही पडत होतं ते सगळं वरच्या ढोलीत पडत होतं.

साळुंकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपल्या भोळेपणाने पुढे म्हणाली, "आणि खरं सांगू का? मला तुमचा हेवा वाटायचा. तुम्हीही वाटे घेतलेत असं सगळे म्हणायचे. भाव रोज पडतोय आणि तुम्ही वर गाणी गुणगुणताय. मला वाटायचं, केवढं धीराचं काळीज आहे हे. माझा तर एक टुक कमी झाला की जीव टांगणीला लागायचा."

खार तशीच कुंपणाकडे गेली आणि अकरा वाटे देऊन अकरा चारोळ्या घेऊन आली. पिल्लांनी त्या एका बैठकीत संपवल्या आणि आईकडे बघत राहिली.

त्या पावसाळ्यात वरच्या ढोलीतली तिन्ही पिल्लं जगली, नीट वाढली, काळजी करू नका. साळुंकीने जगवली. बाराच्या भावाने आलेल्या चारोळ्या तिने जपून ठेवल्या होत्या. रोज सकाळी ती चोचीत धरून वर आणायची, खारीच्या दारात ठेवायची आणि म्हणायची, "आधी पोरांना द्या, मग तुम्ही घ्या." कधी एका शब्दानेही तिने विचारलं नाही की तुमची रास कुठे गेली. खार त्या चारोळ्या ओळखत होती. तिनेच मागच्या वर्षी एकेक करून वेचलेल्या होत्या त्या. ती मान खाली घालून खायची. दाणा गोड लागायचा, आणि घशाखाली उतरायचा नाही.

तात्पर्य : शेजाऱ्याचं नशीब मोजत बसणाऱ्याला स्वतःचं बुडताना दिसत नाही, आणि ज्याचं वाईट व्हावं म्हणून तो वाट बघतो, त्याच्याच दयेवर जगायची पाळी त्याच्यावर येते.