खूण पटवून न्यावे

गाव म्हणाल तर लहानसंच. आठवड्याचा बाजारसुद्धा शेजारच्या गावाला भरायचा. या लहानशा गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी नांदत होता. अंगाने धट्टाकट्टा, मनाने गाईचं वासरू. खोटं बोलायला लागते ती अक्कल त्याच्यापाशी नव्हती, आणि खरं ओळखायला लागते तीही नव्हती. पण एक गुण मोठा होता. सांगितलेलं काम तो करायचा. सांगितलं तेवढंच करायचा, सांगितलं तसंच करायचा, आणि एकदा सांगितलं की कायमचं करत राहायचा. असा नोकर मिळाला तर दुकानदार पहिल्या दिवशी पेढे वाटतो आणि दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावतो.

म्हाळूचं लग्न फाल्गुनात झालं. बायको येसू, गुळाचे व्यापारी केरूतात्या यांची लेक. तात्यांचा बाजारात दरारा होता. ढेपेवर नुसतं बोट वाजवून आतला गूळ कसा आहे ते सांगायचे. जावई मात्र त्यांनी बोट न वाजवताच घेतला. जमीन बरी होती, दात शाबूत होते, ठरवून टाकलं. कळलं ते मांडवात. भटजी म्हणाले, "डोळे मिटून देवाचं स्मरण करा." डोळे उघडा म्हणायला ते विसरले. म्हाळू सप्तपदी डोळे मिटूनच चालला, आणि सातव्या पावलाला तात्यांच्या पायावर उभा राहिला.

तात्यांनी लेकीला बाजूला घेतलं. "येसू, पहिल्या संक्रांतीला मी येईन. तोवर संसार धड दिसला नाही, तर तुला घेऊन जाईन. मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत."

येसूला परत जायचं नव्हतं. बापाच्या घरी गूळ मुबलक, पण बोलायचं एकट्या तात्यांनी. बाकीच्यांनी मान हलवायची. तिच्या आईची मान तर हलवून हलवून तशीच राहिली होती. इथे म्हाळू तिचं बोलणं तोंड उघडं ठेवून ऐकायचा. तिने एकदा म्हटलं होतं, "चूल धुरावली की फुंकायला या." तेव्हापासून तो फुंकणी घेऊन धावत यायचा. शेजारच्या ठमाकाकूंची चूल धुरावली तरी धावायचा. असा नवरा सोडून कुठे जायचं, असं येसूला वाटे. संक्रांतीपर्यंत याला शिकवीन, असं तिने ठरवलं. आणि इथूनच सगळं बिघडलं.

चैत्रात येसूने गव्हाचा चीक शिजवला, कुरडया घातल्या, अंगणात जुन्या लुगड्यावर वाळत टाकल्या. नवऱ्याच्या हातात काठी दिली. "मी पाण्याला जाते. इथे बसा. एकाही कावळ्याला शिवू देऊ नका."

"नाही शिवू देत."

ती घागर घेऊन परतली. लुगडं रिकामं. कडेला शेजारची शेळी ढेकर देत उभी. म्हाळू काठी घेऊन ताठ बसलेला.

"अहो, कुरडया कुठे गेल्या?"

"शेळीने खाल्ल्या."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"कावळे बघत होतो. एक आला नाही, येसू. आला असता तर त्याची खैर नव्हती."

येसूने डोक्यावरची घागर खाली ठेवली. रागावून काय उपयोग. ती समजावून म्हणाली, "हे बघा. कावळा असो, शेळी असो, अंगणात जे येईल त्याला काठी दाखवायची. थेट वेशीपर्यंत हाकलायचं."

"आता कळलं," म्हाळू म्हणाला.

ज्येष्ठात येसूचे नारबामामा आले. डोक्यावर पाडाच्या आंब्यांची पाटी, तोंडभर हसू. त्यांनी अंगणात पाऊल टाकलं मात्र, म्हाळू काठी घेऊन उठला. मामांना वाटलं, जावई थट्टा करतोय. पहिली काठी बसेपर्यंत तसं वाटलं. मग मामा पुढे, म्हाळू मागे, आणि आंबे मामांच्याही पुढे. वेशीपाशी पोचल्यावर म्हाळू थांबला, घाम पुसला आणि घरी येऊन म्हणाला, "येसू, एक मोठा आला होता. पार वेशीबाहेर घालवला."

"कसा होता?"

"मिशीवाला. 'अरे मी मामा, मी मामा,' असं ओरडत होता."

येसू वेशीकडे धावली, पण मामांनी तात्यांच्या गावची वाट धरली होती. चारच दिवसांत तात्यांचा निरोप आला: संक्रांतीला येतोच आहे, पोरीने गाठोडं बांधून तयार राहावं.

त्या रात्री येसू जेवली नाही. सकाळी उठून तिने नवऱ्याला पुन्हा समोर बसवलं. "दारात आलेल्याला हाकलायचं नसतं. हात धरून आत आणावं. पायांवर पाणी घालावं. पाटावर बसवावं. असेल नसेल ते वाढावं. लोक लाजतात, नको नको म्हणतात, मान हलवतात. त्याकडे लक्ष द्यायचं नाही. आग्रह करायचा."

"मान हलवली तरी?"

"तरी. घरातलं संपेपर्यंत आग्रह करावा. त्यातच शोभा असते."

"आता कळलं."

श्रावण आला. सणाचा स्वयंपाक झाकून येसू नैवेद्य दाखवायला देवळात गेली. बाहेर पावसाची झोड, आणि तेवढ्यात कुणाची तरी चुकलेली म्हैस आडोशाला अंगणात शिरली. म्हाळूने तिला शिंगाला धरून आत घेतली. पायांवर पाणी घातलं. पाय जरा जास्त निघाले, पण त्याने कमी केलं नाही. पाट मांडला, तो मोडला. मग दुसरा मांडला.

येसू आली तेव्हा म्हैस माजघरात होती आणि शेवटच्या पुरणपोळीवर तूप पडत होतं.

"अहो," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"लाजत होती," म्हाळू म्हणाला. "सारखी मान हलवत होती. पण मी काही ऐकलं नाही."

येसूला रडू येत होतं आणि हसूही. आधी हसू आलं, म्हणून निभावलं. ती म्हणाली, "चुकलेलं जनावर दारात आलं तर दाव्याने खांबाला बांधावं. पुढ्यात कडबा टाकावा, पाणी ठेवावं. मग गावात दवंडी द्यावी. आणि कोणी माझं म्हणून आलं तर खूण विचारावी. समोर दिसते ती खूण कोणीही सांगेल. न दिसणारी विचारायची. पटली तरच सोडायचं."

हे त्याने बिनचूक केलं. म्हशीला बांधलं, कडबा टाकला, फुटका डबा बडवत गावभर फिरला: "चुकलेली म्हैस सापडली आहे हो, ज्याची असेल त्याने खूण पटवून न्यावी." खालच्या वाडीचा शिरपा धावत आला. "माझी आहे. कपाळावर पांढरा चांद आहे."

"तो मलाही दिसतोय. न दिसणारी सांग."

शिरपाने डोकं खाजवलं. "उजव्या अंगाने जवळ गेलं तर काही नाही. डाव्या अंगाने गेलं तर लाथ मारते."

म्हाळू डाव्या अंगाने गेला. उठून चिखल पुसत म्हणाला, "खूण पटली. घेऊन जा."

गाव हसलं, पण गावाने मान्यही केलं की काम नियमाने झालं. येसूने लंगडणाऱ्या नवऱ्याला हळद लावता लावता म्हटलं, "हे मात्र अगदी नीट केलंत." लग्नानंतर तिने पहिल्यांदाच असं म्हटलं होतं. म्हाळूचा चेहरा दिव्यासारखा उजळला. रागावून सांगितलेलं माणूस कधीतरी विसरतो. कौतुक करून सांगितलेलं विसरत नाही, हे येसूच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

दिवाळीत आलं. येसूने चकल्या तळायला नेलेली आपली कढई परत मागायला ठमाकाकू दारात उभ्या राहिल्या.

"खूण सांगा," म्हाळू म्हणाला.

"कसली मेली खूण? खालून काळी आहे."

"सगळ्याच असतात."

"अरे, माझ्या आईने दिलेली कढई आहे ती."

"कढई तसं म्हणते का बघू," म्हणून म्हाळूने कढई कानाला लावली.

ठमाकाकूंनी दिवाळीत तोंड कडू करायचं नाही म्हणून फक्त अर्धा तास भांडण केलं. येसूने कढई घासून, वर चकल्या घालून परत केली आणि नवऱ्याला म्हणाली, "ओळखीच्या माणसाला खूण विचारायची नसते हो. ज्याची वस्तू तो मागायला आला, की हात जोडायचे आणि 'घेऊन जा' म्हणायचं."

"आता कळलं."

हे 'आता कळलं' ऐकून येसू निवांत झोपी गेली खरी. पण पौषात, संक्रांतीच्या सकाळी, सुगडं भरता भरता तिचा हात थांबला.  तात्या येणार. 'माझी लेक न्यायला आलोय' म्हणणार. आणि हा हात जोडून 'घेऊन जा' म्हणणार.

देवळात सुगडं घेऊन ओवसायला तर जायलाच हवं. ती दारातून परत फिरली. "हे बघा, तात्या येतील. आले की त्यांना धरून ठेवा. मी येईस्तोवर जागचे हलू देऊ नका. आणि मला न्यायची गोष्ट काढली, तर लगेच 'हो' म्हणू नका."

"धरून ठेवायचं. हलू द्यायचं नाही. 'हो' म्हणायचं नाही."

"शहाणे माझे," म्हणून येसू गेली.

देवळात बायकांची गर्दी होती. तिने सुगडं देवापुढे ठेवली, हळदकुंकू लावलं, आणि डोळे मिटून एकच मागणं मागितलं. तेवढ्यात बाहेर डबा वाजला.

"ऐका हो ऐका. आमच्या गोठ्यात एक सासरा सापडला आहे. रंग सावळा, अंगावर नवा कोट, डोक्याला पागोटं. कडबा खात नाही. ज्याचा असेल त्याने खूण पटवून न्यावा."

देवळातला गलका एकदम थांबला. सगळ्या बायका येसूकडे वळल्या. येसूने वाण तिथेच टाकलं आणि धूम ठोकली. निम्मं देऊळ तिच्या मागे.

गोठ्यात केरूतात्या खांबाला बांधलेले होते. गाठ पक्की होती. पुढ्यात कडब्याची पेंढी, शेजारी पाण्याची बादली. पागोटं एका कानावर आलं होतं. येसू सोडायला धावली तसा म्हाळू तिच्या मागून पोचला. "थांब येसू, अजून खूण पटलेली नाही."

"तात्या, हे काय झालं?"

तात्यांनी तोंड उघडलं. बाजारात घुमणारा तो आवाज, पण आता त्यात बळ नव्हतं. "जावईबापूंनी मिठी मारली. मला वाटलं, प्रेमाने मारली. बघतो तर बांधलेला. मी म्हटलं, माझी लेक न्यायला आलोय. तर म्हणतात, खूण सांगा."

"ओळखीच्या माणसाला विचारत नाही मी," म्हाळू म्हणाला. "पण लग्नापासून तात्या आजच आले. ओळख कुठली? म्हणून विचारली. तात्या म्हणाले, हनुवटीवर गोंदण आहे. ते तर दिसतं. म्हटलं, न दिसणारी सांगा. त्यांना एकही येईना. मग मी एक सांगितली, नमुना म्हणून."

तात्यांनी पुढ्यातली पेंढी पायाने बाजूला सारली. मग लेकीकडे न बघता म्हणाले, "येसू, करपलेली भाकरी तू स्वतःच्या ताटात घेतेस, आणि मला अशीच आवडते असं खोटं सांगतेस. खरं का गं हे?"

येसूने खाली बघितलं. जमलेल्या बायकांपैकी काहींनी पदर तोंडाला लावला. कारण ती खूण त्यांचीही होती.

इतक्यात गर्दीतून वाट काढत येसूची आई आली. पारूबाई. वेशीवर बैलगाडीत बसून राहायचा तिला हुकूम होता, पण दवंडी ऐकून ती उतरली होती. तिने खांबाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तात्या तिच्या समोर, आणि बोलणारं दुसरंच कोणी, असं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"हा माझा आहे," ती म्हाळूला म्हणाली.

"खूण?"

"झोपेत घोरतात."

"ते ऐकू येतं. दुसरी."

पारूबाईने विचार केला. "यांना स्वतःची चूक कळली, की ते तसं कधी म्हणत नाहीत. पाणी मागतात."

 तात्या इकडे बघत राहिले, तिकडे बघत राहिले.  शेवटी हळूच म्हणाले, "जरा पाणी देता का कोणी?"

"पटली," म्हाळू म्हणाला, आणि दावं सोडायला वाकला.

पारूबाईने लेकीकडे पाहिलं. "आणि हिलाही न्यायचं ठरलं होतं ना?"

"तिची खूण सांगा, मी हात जोडून देतो," म्हाळू म्हणाला. हात मात्र त्याने जोडले नाहीत. ही बाई येसूची आई आहे, तिला ढीगभर खुणा माहीत असणार, हे त्यालासुद्धा कळत होतं.

येसूने आईकडे पाहून मान हलवली, अगदी थोडी.

"नाही बाई," पारूबाई म्हणाली. "मला एकही आठवत नाही."

म्हाळूने मोठा श्वास सोडला. खांबाची गाठ त्याने सोडली, पण तात्यांच्या कमरेची गाठ तशीच ठेवली, कारण दुसऱ्याचं जनावर मोकळं सोडलं तर वाटेत पुन्हा हरवायचं. दाव्याचं टोक त्याने दोन्ही हातांनी, नीट अदबीने सासूबाईंच्या हातात दिलं. पारूबाईनेही ते धरलं. तात्यांनी पागोटं सरळ केलं आणि मुकाट्याने चालू लागले. पुढे पारूबाई, मागे तात्या, दोन्ही बाजूंना गाव.

वेशीपर्यंत म्हाळू पोचवायला गेला. गाडी हलली तसा पाव्हण्यांना निरोप द्यावा म्हणून हात जोडून म्हणाला, "पुन्हा या, आई. पण यांना असं मोकळं सोडत जाऊ नका. बापडं लोकांच्या दारात शिरतं."