विरजण मागणारी शीट

“पण महाराज, पासवर्ड बरोबर आहे. मग ती पुन्हा पुन्हा का विचारते?”

सोमगिरीबुवा दह्याचं मडकं तिरकं करून आत बघत होते. मान वर केली नाही.

“कोण विचारते?”

“शीट. उघडली की म्हणते, साइन इन करा. केलं, की परत म्हणते, साइन इन करा.”

“मग कर की.”

विचारणारा निनाद मुजुमदार. पुण्याचा, मोठ्या कंपनीतला, हुशार. हुशार म्हणजे इतका, की मठात आला त्याच दिवशी त्याने आम्हाला सांगितलं, तुमच्याकडे सिस्टिम नाही. आम्ही म्हटलं, खरंय बाबा, तेवढी एकच पीडा यायची राहिली होती.

त्याने ती आणली. आमच्या टेकडीवर रविवारी पंगत असते. घरची किती माणसं येणार ते भक्तांनी आदल्या दिवशी शीटमध्ये भरायचं, त्यावरून आम्ही तांदूळ काढायचे. शीट ठेवली कुठे, तर क्लाउडमध्ये. मी बाहेर जाऊन वर बघून आलो. आभाळ स्वच्छ होतं.

आठवडाभर बरं चाललं. मग जो शीट उघडेल त्याला ती साइन इन मागायला लागली. लातूरच्या शिंगाडे मास्तरांनी आधी स्वतःचा पासवर्ड घातला, मग बायकोचं नाव, मग कुलदैवताचं. शेवटी त्यांचं खातंच बंद पडलं. मास्तर म्हणाले, जेवायला बोलावून दारात ओळखपत्र मागणारा मठ जन्मात पहिल्यांदा पाहिला.

लोकांनी भरणं सोडलं. मागच्या रविवारी शेवटच्या पंगतीला भात उरला नाही. माणसं ताक पिऊन टेकडी उतरली.

निनादने अनुग्रहाचं विचारलं, तेव्हा बुवा एवढंच म्हणाले, “तुझी शीट मुकाट्याने उघडू दे. मग बघू.”

इथे त्याचा जीव अडकला होता. नदीकाठच्या मोठ्या मठात त्याने दोन वर्षं काढलेली. तिथे अनुग्रह मिळेना म्हणून आमच्याकडे आलेला. “ते दार मी कायमचं सोडलं,” असं तो रोज सांगायचा. रोज सांगायचा, हे ध्यानात असू द्या.

“सगळं करून बघितलं, महाराज. पासवर्ड बदलला. बाहेर पडून परत आत आलो. सगळं काढून नव्याने टाकलं. आता काय राहिलं?”

बुवांनी मडकं खाली ठेवलं. रिकामी वाटी पुढे केली.

“राहीआजीकडून विरजण आण. दिवेलागण झाली.”

मठात जो नवा येईल त्याने दही लावायचं, अशी रीत. निनाद आल्यापासून रोज संध्याकाळी वाटी घेऊन टेकडी उतरायचा. पायथ्याच्या राहीआजीला दिसत नाही. ती रोज आतून विचारायची, कोण? तो रोज नाव सांगायचा. आणि वर येऊन आमच्यापुढे चरफडायचा, रोज तोच माणूस, तरी रोज विचारते म्हातारी.

त्या दिवशी त्याने वाटी घेतली नाही.

“रागावू नका, महाराज. पण रोज दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? आपल्याच दह्यातलं चमचाभर मागे ठेवलं की झालं. एवढं साधं कुणाला...”

तो थांबला. मडकं रोज कोण निपटून खायचा, ते आम्हाला ठाऊक होतं. त्यालाही.

बुवांनी मडक्यात हात घातला. तळाला बोट फिरवलं. बोटावर आलं ते वाटीला पुसलं.

“निनाद, ती शीट स्वतः विचारते, की तिला जिथे पाठवलंयस तिथलं कुणी विचारतं?”

...

निनादने लॅपटॉप उघडला. साइन इनचा चौकोन आला. रोज तो चौकोन भरायचा. आज त्याच्यावरची बारीक ओळ वाचली.

ओळीत नदीकाठच्या मठाचं नाव होतं.

तो शीटच्या पार उजव्या टोकाला गेला. तिथे एक रकाना लपवून ठेवलेला होता, त्यानेच. उलगडला. आत त्या मठाच्या पंगतीचे आकडे. त्यांच्या फाइलला लिंक जोडली होती, आकडे तिथून आपोआप यायचे. पुढे त्यांनी त्याला आपल्या फाइलमधून काढून टाकलं. तेव्हापासून आमची शीट जो उघडेल, तो आधी त्यांच्या दारात जाऊन उभा राहत होता. शिंगाडे मास्तरसुद्धा.

“कमी झाली का?” बुवांनी विचारलं.

“काय?”

“त्यांची पंगत. तू निघून आल्यावर.”

“...नाही. मला शेवटचं दिसलं तोवर तरी... वाढत होती.”

मला हसू आलं. बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोकलो.

“लिंक तोडतो, महाराज.”

“तोड.”

बोट बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं.

“तोडली की आहे तो आकडा गोठतो. त्यांनी मला परत आत घेतलं, तरी तिथलं पुढचं मग कधीच कळणार नाही.”

“मागच्या रविवारी आपल्याकडे किती जेवले?”

निनादने पडद्याकडे पाहिलं.

“तिथे बघू नकोस. वाढायला तूच होतास.”

...

त्याने लिंक तोडली. मग तो रकानाही पुसला. शीट बंद केली, पुन्हा उघडली. कुणी काही विचारलं नाही. मास्तरांना नव्या खात्यावर पाठवली, त्यांचा लगेच निरोप आला: उघडली. आज ओळखपत्र नको का?

निनादने दूध कोमट केलं. वाटीतलं बोटभर दही त्यात कालवलं, वर झाकण ठेवलं आणि मडक्याशेजारी बसला.

थोड्या वेळाने झाकण उचलून आत पाहिलं.

मग पुन्हा उचललं.

“महाराज... आता ती मुकाट्याने उघडते. मग या रविवारी अनुग्रह...?”

बुवांनी त्याच्या हातातलं झाकण घेतलं आणि मडक्यावर ठेवलं.

“दही लावलं की हलवून बघायचं नसतं.”