हवेत कसलेले बोल्ट

एकदा एका जुन्या मोटारीपायी गुरू-शिष्यांचं असं काही वाजलं, की पाहणाऱ्याला वाटावं, आता हे दोघे जन्मात एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. गुरू म्हणजे शिवाप्पा वस्ताद. घाटाच्या पायथ्याशी त्यांचा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता. शिष्य महिपती, वस्तादांच्या हाताखाली तयार झालेला, आता पोराबाळांचा बाप, कामात तरबेज आणि स्वभावाने अंमळ उतावळा.

मोटार होती पारसशेठ या गुळाच्या व्यापाऱ्यांची. दोन दारांची, लांब नाकाची, जुन्या काळातली स्पोर्ट्स कार. इंजिन अजून ठणठणीत होतं, पण खालच्या स्प्रिंगा पार थकल्या होत्या. वळणावर गाडी अशी कलायची, की आत बसलेल्याने देवाचं नाव घ्यावं. आणि शेठना तीच घेऊन घाटाच्या शर्यतीत उतरायचं होतं! हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काही उगाच नाही. त्यांनी नव्या, ताठ स्प्रिंगा आणि नवे शॉक अॅब्सॉर्बर मागवले आणि महिपतीला एकांतात म्हणाले, "हे काम तू एकट्याने कर. गाडी घाटात नीट चालली, तर शहरात तुला स्वतंत्र कारखाना काढून देतो."

महिपतीने ही गोष्ट वस्तादांच्या कानावर घातली नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता शर्यतीचा दिवस उजाडला. चोराच्या मनात चांदणं! वस्ताद नुसते खाकरले तरी त्याला वाटे, यांना कळलं वाटतं. त्यांनी सहज काही विचारलं तरी त्याला त्यात खोच दिसे.

सकाळीच शेठ शिरस्त्राण काखेत मारून हजर झाले. नव्या स्प्रिंगांवर गाडी चांगली खाली बसली होती. "वा महिपती! काय रुबाब आणलास रे!" असं म्हणत ते तिच्याभोवती फिरू लागले. वस्तादही आले. त्यांनी चाकावरच्या पत्र्यावर तळवा ठेवला, दाबला, सोडला. पुन्हा दाबला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ठोकळे आणा," ते म्हणाले.

गाडी जॅकने उचलली गेली. चारही चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवून तिला त्यांच्यावर टेकवलं, म्हणजे वजन चाकांवरच राहिलं आणि खाली शिरायला जागा झाली. मग वस्ताद पाना घेऊन स्वतः गाडीखाली शिरले आणि महिपतीने आवळलेला एकेक बोल्ट ढिला करू लागले.

महिपती खाली वाकून म्हणाला, "वस्ताद, हे काय करताय? मी स्वतः कसलेत सगळे!"

खाली नुसता पाना फिरत राहिला. शर्यतीच्या मांडवातून कर्ण्यावर नावांचा पुकारा सुरू झाला होता आणि तो इथवर ऐकू येत होता. शेठ अस्वस्थ होऊन म्हणाले, "अहो, आता माझं नाव येईल! आणि गाडी अशी खिळखिळी?"

हे ऐकलं मात्र, महिपतीचा तोल सुटला.

"मला कळतंय सगळं!" तो ओरडला. "शेठ मला कारखाना काढून देणार, हे तुमच्या कानावर आलंय. माझं भलं तुम्हाला बघवत नाही. म्हणून ऐन वेळी माझ्या कामात खोट काढताय!"

शेठनी मान खाली घातली. गाडीखालचा पाना क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरू लागला. शेवटचा बोल्ट सुटला तसा आतून दबका आवाज झाला, आणि कुणी हात लावलेला नसताना गाडी आपोआप दोन बोटं खाली बसली.

महिपतीने ते पाहिलं. जाणता कारागीर तो. आपलं कुठे चुकलं, हे त्याला तिथेच कळलं.

वस्ताद बाहेर आले आणि हात पुसत शांतपणे बोलू लागले. "या सांध्यांत रबराचे बुश असतात, बोल्टाभोवती बसणारी नळकांडी. गाडी जॅकवर होती, चाकं हवेत लोंबत होती, तेव्हा तू बोल्ट आवळलेस. का, तेही सांगतो. गाडी आता इतकी बुटकी झालीय, की खाली उतरवल्यावर पाना शिरत नाही. सोयीचं पडलं म्हणून हवेतच कसलंस. रबर तिथेच जखडलं. मग गाडी जमिनीवर आली, वजन पडलं, आणि ते बिचारं उभ्या जागी पिळवटत राहिलं. वरून सगळं घट्ट. पण घाटात ते फाटलं असतं, आणि चाक शेठचं ऐकेनासं झालं असतं. भार येईपर्यंत बोल्ट ढिला ठेवावा, महिपती. भार आला, की सांधा आपली जागा आपण शोधतो. कसायचं ते नंतर."

मग पाना पुसत ते म्हणाले, "माझ्याविषयीचं मतही तू असंच कसलंस. एका शब्दाने विचारलं नाहीस."

महिपतीला मान वर करवेना. शेठ हळूच म्हणाले, "अरे, मी आधी वस्तादांकडेच गेलो होतो. कारखान्यासाठी तुझं नाव त्यांनीच सुचवलं. म्हणाले, मला कळलंय हे त्याला सांगू नका, तो आपणहून सांगेल."

ते ऐकून महिपतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात शेठचा आवाज बदलला. "पण आता उरलेलं तुम्हीच कसा, वस्ताद. याच्या हातावर विसंबून मी घाटात जायचा नाही. आणि त्या कारखान्याचंही मला बघावं लागेल."

"शेठ, आता तुम्ही हवेत कसायला लागलात," वस्ताद म्हणाले. "गाडी त्याने बांधलीय, कसेलही तोच. तुम्ही बसा आपल्या जागेवर. शर्यतीत सोबतीला माणूस चालतो ना? मग शेजारी मी बसतो. वरपर्यंत येतो."

आणि ज्याने आत्ताच चारचौघांत आपल्याला मत्सरी ठरवलं, त्याच्याच हातात पाना देऊन तो म्हातारा दार उघडून आत बसला. शेठही आपल्या जागेवर बसले. गाडी आणखी थोडी दबली.

महिपती खाली शिरला. डोक्यावर दोन जीवांचा भार होता, आणि त्यातला एक कुणाचा, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. डोळ्यांतलं पाणी बाहीने पुसत त्याने एकेक बोल्ट आवळला. घाई केली नाही. ठोकळे निघाले, गाडी रस्त्याला लागली, घाट चढू लागली. एकेका वळणावर तिचा आवाज दरीत विरे आणि पुन्हा उमटे, आणि प्रत्येक वेळी तो उमटेपर्यंत महिपती श्वास धरून उभा राही.

दोघे सुखरूप परतले. शर्यतीत नंबर आला नव्हता, पण शेठचा चेहरा फुलला होता. "गाडी रस्त्याला चिकटून गेली रे! बोल, कारखाना कधी काढायचा?"

महिपतीने वस्तादांकडे पाहिलं. "शेठ, लगेच हो म्हणत नाही," तो म्हणाला. "आधी वस्तादांना सगळं सांगतो. एकदा सांगायचं राहून गेलं."

वस्तादांनी शेजारचं स्टूल पुढे सरकवलं, आणि महिपती बसला.